रोड बाईकला नवी चेन टाकली की ती सटकते: कारण कसं शोधायचं आणि पुढची चेन कशी निवडायची

सॅडलवरून उठून चढावर पहिला जोर लावला आणि उजवं पॅडल एकदम पोकळ खाली गेलं. खाट्‌कन आवाज झाला, गुडघा हँडलबारवर आपटला आणि सायकल भेलकांडत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेली. मागून गाडी येत नव्हती म्हणून निभावलं. चेन आदल्या संध्याकाळीच नवी बसवली होती. स्टँडवर हातानं पॅडल फिरवताना सगळे गिअर विनातक्रार पडत होते.

घरी येऊन मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. जुनी चेन टाकून दिलेली नव्हती, ती परत चढवली आणि त्याच चढावर गेलो. एकदाही सटकली नाही. म्हणजे नवी चेनच खराब, असं धरून दुसऱ्या कंपनीची आणली. ती सटकली. मग तिसरी, आधीच्या दोन्हींपेक्षा महाग. तीही सटकली. एका मोसमात तीन चेन झाल्यावर ध्यानात आलं की जुनी चेन गुपचूप चालते हाच खरा पुरावा होता आणि मी तो उलटा वाचत होतो. खराब झाली होती ती कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच. ती कॅसेट जुन्या चेनशी इतकी जुळून गेली होती की दुसरी कुठलीच चेन तिला चालणार नव्हती.

हे प्रकरण एकदा नीट समजलं की चेन निवडणं फार अवघड राहत नाही. म्हणून आधी सटकण्याचं बोलू, खरेदीचं नंतर.

चेन 'लांबते' म्हणतात, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. झिजते ती पिन, आणि आतल्या पट्टीची जी गोल कड त्या पिनेवर फिरते ती कड. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि शंभरावर सांध्यांच्या फटी मिळून चेन लांब होते. नव्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. अंतर असतं. हे अंतर वाढलं की रोलर, म्हणजे प्रत्येक सांध्यावर फिरणाऱ्या छोट्या नळ्या, दात्यांच्या तळाशी न बसता थोडे वर चढून बसतात आणि दाते स्वतःच्या मापानं कोरत जातात. दात्याच्या ज्या बाजूवर ओढ येते ती बाजू खोलगट होते. मग तुम्ही नवी चेन टाकता, तिचं माप परत १२.७. तिचे रोलर त्या कोरलेल्या खाचांत एका वेळी बसूच शकत नाहीत. ओढ बऱ्याच दात्यांवर वाटली जायची ती एखाद-दुसऱ्या दात्यावर येते, आणि जोर वाढला की रोलर दात्यावर चढून पुढच्या खाचेत पडतो. तोच तो 'खाट्‌'. जुनी चेन मात्र त्या खाचांत चपखल बसते, कारण त्या तिनेच पाडलेल्या असतात.

आधी सटकण्याचा ताल ओळखा

नवी चेन टाकल्यावर सटकली म्हणजे कॅसेटच गेली असंही नाही. चार-पाच वेगळी कारणं एकसारखाच त्रास देतात, पण प्रत्येकाचा ताल वेगळा असतो. रिकाम्या, सपाट रस्त्यावर जा. सॅडलवर बसूनच, उभं न राहता, एकेका गिअरमध्ये हळूहळू जोर वाढवत ऐका. ही चाचणी उभ्यानं करू नका. माझ्या गुडघ्यावर त्याची खूण अजून आहे.

ठरावीक चक्रांवरच आणि जोर लावल्यावरच सटकत असेल, ताल मात्र अनियमित असेल, तर ती झिजलेली कॅसेट. बहुतेक वेळा तुमची रोजची आवडती चक्रं यात सापडतात: १५, १७, १९ दात्यांची. ११ आणि १२ दात्यांची चक्रंही लवकर तक्रार करतात, कारण तिथे चेन मोजक्याच दात्यांना धरून असते. मोठी चक्रं बहुधा शांत असतात.

पॅडलच्या दर दोन फेऱ्यांच्या जरा पुढे, घड्याळासारखं नियमित 'टक्' होत असेल, तर दोष चेनच्या एकाच जागी आहे. हिशेब सोपा आहे. १०६ कड्यांची चेन ५० दात्यांच्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या पुढच्या दातेरी चकतीवर) असेल तर तीच कडी परत वर यायला क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, २.१२ फेऱ्या लागतात. एवढा ठोका जुळला की समजायचं, एखादी कडी आखडली आहे किंवा जोड नीट बसलेली नाही. सायकल उभी करून पॅडल सावकाश उलटं फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) खालच्या छोट्या चाकाकडे बघा. आखडलेली कडी तिथून जाताना सरळ होत नाही, कोपर दुमडल्यासारखी उचललेली दिसते आणि डिरेलरचा पिंजरा किंचित पुढे हलतो. एकदा बघितलं की ते पुन्हा विसरत नाही. अशी कडी दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे, हलकीच वाकवली की बहुधा मोकळी होते. जोर बेतानं लावा. पट्टी कायमची वाकली तर नवीच भानगड.

जोर नसतानाही चेन टकटक करते, शेजारच्या चक्रावर चढू बघते, आणि हे जवळजवळ सगळ्या चक्रांवर थोडंफार होतं? मग चेनला हात लावू नका. गिअरच्या केबलचा ताण तपासा, आणि डिरेलर ज्या हँगरवर लटकतो तो वाकलाय का ते मागून डोळा लावून बघा. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर शंका आधी हँगरवरच घ्यायची.

पाय पोकळ गेला पण चेन आणि कॅसेट दोन्ही बरोबरच पुढे सरकले, चाक मात्र मागे राहिलं, तर तो फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाच्या मध्यातला, कॅसेट धरणारा भाग. त्याच्या आतले खटके धरत नाहीत. यात चेन कितीही बदला, फरक शून्य.

एक प्रकार मला उशिरा कळला. रस्त्यावर सायकल ठीक चालते आणि घरातल्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) सटकते, किंवा दुसऱ्या चाकांच्या जोडीवर सटकते. चेन एकच, कॅसेट दोन. चेन वेळेवर बदललीत तरी ट्रेनरवरची कॅसेट कधीकाळच्या लांबलेल्या चेननं कोरून ठेवलेली असते आणि तिच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं.

माप घ्या, अंदाज नको

चेन तपासायला चेन चेकर नावाची पट्टी मिळते. वापरायला सोपी आहे, आणि सायकल नियमित चालवणाऱ्यानं घ्यावी असं मी आग्रहानं सांगेन. साध्या चेकरमध्ये एक अडचण असते: तो दोन रोलरना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यामुळे रोलरचा स्वतःचा ढिलेपणाही मापात धरला जातो आणि चेन आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. तीन ठिकाणी टेकणारा चेकर रोलर एकाच दिशेला दाबतो, म्हणून तो पिनांची झीज जास्त खरी दाखवतो.

चेकर नसेल तर पोलादी फुटपट्टी पुरते. मला तर तीच जास्त भरवशाची वाटते. मागचा ब्रेक दाबून पॅडलवर हलका जोर द्या म्हणजे वरची बाजू ताठ होईल. एका पिनेच्या डाव्या कडेवर पट्टीचा शून्य लावा आणि तिथून चोविसाव्या कडीच्या शेवटी असलेल्या पिनेची डावीच कड कुठे येते ते बघा. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मि.मी. वर येते. ३०६.३ वर आली तर अर्धा टक्का झीज. ३०७.१ म्हणजे पाऊण टक्का. ३०७.८ च्या पुढे गेली की एक टक्का झाला. इंचांत लक्षात ठेवायचं तर बारा इंचांच्या खुणेपुढे एक सोळांश इंच म्हणजे अर्धा टक्का आणि एक अष्टमांश म्हणजे एक टक्का. दीड मिलिमीटरचा फरक बघायला उजेड चांगला हवा, आणि पिना आधी फडक्यानं पुसलेल्या हव्यात. काळ्या मळाखाली कड दिसत नाही आणि माणूस आपल्याला हवं ते माप वाचतो.

११ आणि १२ स्पीडच्या, म्हणजे मागे ११ किंवा १२ चक्रं असलेल्या सायकलच्या, चेन अर्ध्या टक्क्यावर बदलायच्या. १० आणि त्याखालच्या पाऊण टक्क्यापर्यंत चालतात. ही मर्यादा पाळली तर तीच कॅसेट नवी चेन निमूट स्वीकारते, आणि अशा दोन-तीन चेन एका कॅसेटवर सहज निघतात. एक टक्का ओलांडला असेल तर मात्र मन घट्ट करा: चेन आणि कॅसेट दोन्ही बरोबरच घ्यावी लागणार, असं धरूनच चाला. उलटाही मोह टाळा. नव्या कॅसेटवर जुनी लांबलेली चेन टाकली तर ती नवे दातेही कोरायला लागते.

कॅसेट आणि चेन दोन्ही जुन्या झाल्या आहेत पण सटकत नाहीत, असं असेल तर तिसराही मार्ग आहे. काहीच बदलू नका. ती जोडी एकत्र झिजलीय, एकत्रच संपू द्या. ट्रेनरवर किंवा जोर न लागणाऱ्या फेऱ्यांना ती पुष्कळ चालते. गिअर रटाळ पडायला लागले, किंवा चेनरिंगवरही चेन उचलली जायला लागली की एकदम सगळं बदला.

चेनरिंग तपासायची असेल तर मोठ्या रिंगवर अगदी पुढच्या टोकाला, घड्याळात तीनचा आकडा असतो त्या जागी, चेन चिमटीत धरून पुढे ओढा. चेन नवी असूनही दात्याचा बराचसा भाग उघडा पडत असेल तर रिंग झिजली. दाते सुरुवातीला दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, झिजल्यावर एका बाजूला कललेल्या लाटेसारखे होतात. रिंग कॅसेटपेक्षा खूप जास्त टिकते, म्हणून तिच्यावर पहिला संशय घेऊ नका. एक गोष्ट मात्र खरी: काही दाते मुद्दामच छाटलेले असतात, गिअर बदलताना चेनला वाट मिळावी म्हणून. ते बघून घाबरू नका.

किती स्पीडची चेन?

सगळ्यात जास्त चुकीच्या चेन इथेच घेतल्या जातात. '२२ गिअरची सायकल आहे, २२ स्पीडची चेन द्या.' अशी चेन नसते. चेनचा स्पीड म्हणजे मागच्या कॅसेटमधल्या चक्रांची संख्या, पुढच्या रिंगांनी गुणायचं नाही. पुढे दोन आणि मागे अकरा असतील तर चेन ११ स्पीडची. पुढे दोन, मागे आठ, म्हणजे लोक ज्याला १६ गिअर म्हणतात, तिथे चेन ८ स्पीडची. खाली वाका आणि चक्रं बोटानं मोजा. सायकलवरच्या स्टिकरवर किंवा स्मरणावर विसंबू नका.

घोळ होतो कारण चेन बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. सायकलवर पुढे अर्ध्या इंचाची कडी रूढ झाली आणि ६ स्पीडपासून १२ स्पीडपर्यंत ती तीच आहे. म्हणून कुठलीही चेन कुठल्याही कॅसेटवर 'बसते'. स्टँडवर फिरते सुद्धा. बदलत गेली ती जाडी. मागे चक्रं वाढली, त्यांच्यामधली जागा कमी झाली, म्हणून चेन बाहेरून बारीक होत गेली. ८ स्पीडची चेन पिनेच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे ७.१ मि.मी. रुंद असते, ९ ची ६.६ च्या आसपास, १० ची ५.९, ११ ची ५.५ आणि १२ ची ५.२ ते ५.३. ६, ७ आणि ८ स्पीडला एकच चेन चालते. १० ची चेन ११ च्या कॅसेटवर टाकली की ती शेजारच्या चक्राला घासत राहते आणि कितीही जुळवलं तरी ती घरघर जात नाही. म्हणून आकडा जुळवूनच घ्या. 'एवढ्यानं काय होतंय' हे वाक्य चेनच्या बाबतीत बरोबर ठरलेलं मी पाहिलेलं नाही.

१२ स्पीडला पोहोचलात की नुसता आकडाही पुरत नाही, कंपनी बघावी लागते. शिमानोची १२ स्पीड चेन रोड आणि डोंगरी सायकल दोन्हींना एकच आहे. तिच्या आतल्या पट्ट्यांचा आकार त्यांच्या नव्या कॅसेटच्या दात्यांसाठी घडवलेला आहे. स्रॅमच्या १२ स्पीड रोड गटात मात्र फ्लॅटटॉप चेन लागते. तिची एक कड सपाट असते एवढ्यानं ती ओळखू येते, पण खरा फरक आत आहे: तिचे रोलर नेहमीपेक्षा मोठ्या व्यासाचे असतात आणि कॅसेट-चेनरिंगच्या खाचा त्यानुसार कापलेल्या असतात. तिथे स्रॅमचीच डोंगरी ईगल चेन टाकली तरी चालत नाही, मग इतरांची दूरच. बसवताना सपाट कड दात्यांच्या उलट बाजूला, बाहेर राहते. कॅम्पाग्नोलोच्या १२ स्पीडला मी त्यांचीच चेन घेतो, कारण ती बाकीच्यांपेक्षा किंचित बारीक आहे.

८ ते ११ स्पीडमध्ये असा काच नाही. शिमानो, स्रॅम, केएमसी यांच्या एकाच स्पीडच्या चेन एकमेकींच्या जागी व्यवस्थित चालतात. गिअर पडण्याचा आवाज आणि चपळाई थोडी बदलते, एवढंच.

कुठल्या दर्जाची?

एकाच कंपनीच्या तीन-चार दर्जाच्या चेन असतात आणि इथे माणूस उगाच वर जातो. वरच्या दर्जात पिना पोकळ असतात, पट्ट्यांना खिडक्या पाडलेल्या असतात. त्यानं वजन काही ग्रॅमनी कमी होतं. ११ स्पीडची साधी चेन पाव किलोच्या आसपास असते, तेव्हा त्यातले काही ग्रॅम म्हणजे पाण्याच्या बाटलीतला एक घोट. सोनेरी किंवा काळा मुलामा दिसतो छान, पण रोलर आणि दाते जिथे भिडतात तिथला तो लवकर उडतो.

मी मधला दर्जा घेतो आणि दोन गोष्टी बघतो. पहिली, पट्ट्यांवर गंज रोखणारा मुलामा आहे ना, आणि तो बाहेरच्या पट्ट्यांबरोबर आतल्या पट्ट्यांवरही आहे ना. स्वस्त चेनमध्ये बरेचदा बाहेरच्या पट्ट्या चकचकीत आणि आतल्या काळपट, उघड्या असतात. पावसात त्याच आधी तांबडतात. दुसरी, पिना भरीव आणि कठीण केलेल्या आहेत ना, कारण लांबणं तिथेच सुरू होतं. याउपर चेन किती टिकेल हे नावापेक्षा तिला मिळणाऱ्या तेलावर आणि धुळीवर ठरतं. धुळीत तेलानं थबथबलेली चेन चालवणं म्हणजे प्रत्येक सांध्यात कानस घालून फिरणं.

लांबी: जुनी शेजारी ठेवून कापू नका

ही चूक मी हातानं केलेली आहे म्हणून पोटतिडकीनं सांगतो. जुनी चेन जमिनीवर सरळ ठेवली, नवी शेजारी ठेवली, आणि टोक जुळलं तिथे कापली. पण जुनी चेन लांबलेली असते! १०६ कड्यांची चेन एक टक्का झिजली तर ती साडेतेरा मि.मी. नी लांब होते, म्हणजे एका कडीपेक्षा जास्त. शेजारी ठेवून जुळवलं की एक कडी जास्तच धरली जाते, आणि वर कड्यांची संख्या विषम निघते. आतली आणि बाहेरची कडी एकाआड एक यावी लागते, म्हणून संख्या सम हवी. विषम चेन जुळतच नाही, मग माणूस आणखी एक काढतो, आणि ती कुठे काढायची यात गोंधळतो.

लांबी नको, कड्या मोजा. दर दहाव्या कडीला खडूची खूण करा, क्विक लिंकलाही (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या, उघडता येणाऱ्या कडीलाही) एक बाहेरची कडी धरा, आणि तेवढ्याच नवीत ठेवा. पाकिटात बहुधा ११४, ११६ किंवा ११८ कड्या असतात, म्हणून काही कापाव्याच लागतात.

हे चालतं कधी? कॅसेट आणि चेनरिंग पहिल्याच मापाच्या राहिल्या तर, आणि जुनी चेन मुळात बरोबर होती तर. मागे २८ ऐवजी ३४ दात्यांचं मोठं चक्र लावलं असेल तर नव्यानं माप घ्या. चेन मागच्या डिरेलरमधून न नेता थेट सगळ्यात मोठी चेनरिंग आणि सगळ्यात मोठं चक्र यांवरून गुंडाळा. दोन टोकं जिथे भेटतील, त्यापुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवा. कागदावर करायचं असेल तर इंचांत: क्रँकच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर दुप्पट करा, मोठ्या रिंगच्या दात्यांचा चौथा हिस्सा आणि मोठ्या चक्राच्या दात्यांचा चौथा हिस्सा मिळवा, वर एक इंच घाला, आणि पुढच्या पूर्ण इंचापर्यंत वाढवा. ४१ से.मी. चं अंतर, ५० ची रिंग आणि २८ चं चक्र असेल तर ५२.८ येतात, म्हणजे ५३ इंच, १०६ कड्या. तिथेच ३४ चं चक्र आलं की ५४.३, म्हणजे ५५ इंच, ११० कड्या. चार कड्यांचा फरक आहे हा, डोळ्यानं चालवून घेण्यासारखा नाही.

आखूड चेन लांब चेनपेक्षा जास्त घातक. चुकून मोठी रिंग आणि मोठं चक्र एकत्र पडलं की ती डिरेलर ओढून हँगर मोडते, प्रसंगी डिरेलर चाकाच्या तारांत जातो. लांब चेन नुसती लोंबते, लहान-लहान गिअरवर थडथडते. म्हणून शंका असेल तर आधी कमी कापा. कापलेलं परत जोडणं आजच्या बारीक चेनमध्ये धोक्याचं आहे.

जोड

धोक्याचं का, तर १० स्पीड आणि त्यावरच्या चेनमध्ये बाहेरची पट्टी पातळ असते आणि पिनेची टोकं कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. तीच पिन चेन तोडायच्या टूलनं बाहेर काढून परत आत दाबली की ती पसरलेली कड खरवडली जाते. जोड दिसायला नीट दिसतो आणि चढावर उघडतो. पिनेनं जोडायचं असेल तर कंपनीची वेगळी जोडपिन वापरा, तिचं टोक नंतर पकडीनं मोडायचं असतं आणि ती एकदाच वापरायची असते.

क्विक लिंक सोपी. ती चेनच्याच स्पीडची हवी. ११ ची लिंक १० च्या चेनवर घट्ट बसून आखडते आणि १० ची ११ वर सैल राहते. शिमानोच्या ११ आणि १२ च्या लिंक, तसंच स्रॅमच्या १० पासून पुढच्या, एकदाच वापरायच्या म्हणून बनवलेल्या आहेत. काही इतर कंपन्यांच्या पुन्हा वापरता येतात. पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. लिंकवर बाण असेल तर तो चेनच्या चालण्याच्या दिशेला, आणि चेनच्या ज्या बाजूवर अक्षरं कोरलेली आहेत ती बाजू बाहेर. काही १० स्पीड चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या पट्ट्या खरोखरच वेगळ्या घडवलेल्या असतात आणि उलटी बसवली तर गिअर कुंथत पडतात.

लिंक हातानं जुळवून थांबू नका. पॅडल फिरवून ती वरच्या बाजूला, चेनरिंग आणि कॅसेटच्या मध्ये आणा. मागचा ब्रेक दाबा आणि पॅडलवर टाच दाबून जोर द्या. 'टच्' असा बारीक आवाज येतो आणि दोन्ही पिना खाचेच्या टोकाला गेलेल्या दिसतात. तो आवाज आला नाही तर पुन्हा. अर्धवट बसलेली लिंक स्टँडवर कधीच कळत नाही.

नव्या चेनवरचं कारखान्यातलं ग्रीस बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसा, धूळ चिकटू नये एवढ्यापुरतं. आतलं राहू द्या. चेनला तेलाऐवजी मेण लावणार असाल तरच ते पूर्ण धुवून काढावं लागतं, नाहीतर मेण धातूला धरत नाही.

आणि तरीही सटकली तर

चेन योग्य स्पीडची, लांबी बरोबर, जोड पक्का, कडी आखडलेली नाही, हँगर सरळ, आणि तरी दोनच चक्रांवर सटकते. मग कॅसेट गेली, हे मान्य करा. चेन परत करायला जाऊ नका आणि जुनी परत चढवून समाधानही मानू नका. एखादंच लहान चक्र, ११ किंवा १२ चं, त्रास देत असेल तर बऱ्याच कॅसेटमध्ये ती शेवटची दोन-तीन चक्रं सुटी असतात आणि सुटी मिळू शकतात, विचारून बघा. मधली चक्रं बहुधा एकमेकांना रिव्हेट केलेली असतात, तिथे पूर्ण कॅसेटच घ्यावी लागते. तोवर त्या चक्रांवर सॅडलवरून उठायचं नाही.

नवी कॅसेट आणि नवी चेन बसवल्यावर पहिल्याच दिवशी फुटपट्टीनं चोवीस कड्यांचं माप घेऊन ते तारखेसकट लिहून ठेवा. मी माझं पंपावर चिकटवलेल्या कागदावर लिहितो, कारण हवा भरायला पंप हातात येतोच. दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजून आल्यावर लगेच, त्याच चोवीस कड्या परत मोजतो आणि आकडा खाली लिहितो. आकडा ३०६ च्या जवळ आला की पुढची चेन आणून ठेवायची, आणि ३०६.३ ला बदलायची.